नळीकृमींचे ऋतू : हावडा ते सागरसंगम

समुद्राच्या पाण्यात सोडलेली कोणतीही वस्तू फार दिवस कोरी राहत नाही. लाकूड असो, लोखंड असो, काच असो की दोरखंड असो, काही तासांतच तिच्यावर जीवाणूंचा बुळबुळीत पापुद्रा धरतो. पुढे सूक्ष्म शैवले येतात आणि दोन-तीन आठवड्यांत त्या वस्तूवर एक गजबजलेली वसाहत उभी राहते. बार्नेकल, कालवे, शिनाणे, स्पंज, झाडासारखे फाटे फुटणारे हायड्रॉइड, जाळीदार चकत्यांसारखे पसरणारे ब्रायोझोआ, आणि या सर्वांच्या आत-बाहेर, वर-खाली राहणारे कृमी, असे तिचे स्वरूप असते. गोदीत काम करणारी माणसे या प्रकाराला फाउलिंग म्हणतात. मराठीत त्यास चिकटजीवांची वसाहत म्हणता येईल. जहाजाच्या तळावर ती वाढली की तळ खरखरीत होतो, पाण्याचा विरोध वाढतो आणि तेच अंतर कापण्यास अधिक इंधन जाळावे लागते. किनाऱ्यावरच्या वीजकेंद्रांत व कारखान्यांत यंत्रे थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी घेतले जाते. त्या नळांत ही वसाहत शिरली तर नळ बुजू लागतात.

या वसाहतीतील बार्नेकल व कालवे सहज नजरेत भरतात आणि त्यांच्याविषयी लिहिलेही पुष्कळ गेले आहे. कृमींकडे मात्र सामान्य वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. कृमी म्हटले की चिखलातील गांडूळ किंवा पोटातील जंत एवढीच कल्पना मनात येते. जहाजांचे लाकूड पोखरणारा टेरेडो हा तर 'जहाजी कृमी' या नावाने ओळखला जातो आणि तो कृमी नव्हेच. तो शिंपल्यांच्या कुळातील प्राणी आहे. येथे ज्यांचा विचार करावयाचा आहे ते पॉलिकीटा वर्गातील खरे कृमी होत. गांडुळाप्रमाणेच त्यांचे शरीर वलयांचे बनलेले असते. परंतु प्रत्येक वलयाच्या दोन्ही बाजूंस राठ केसांचे झुबके असतात. पॉलिकीटा या ग्रीक नावाचा अर्थही पुष्कळ केसांचे असाच आहे. या कृमींचे वर्ष कसे ठरते, कोणत्या महिन्यात ते येतात व कोणत्या महिन्यात नाहीसे होतात, हा या प्रकरणाचा विषय आहे.

समुद्रकृमींसाठी हावड्यासारखे स्थळ निवडणे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. हावडा समुद्रावर नाही. हुगळीच्या उजव्या तीरावर, कोलकात्याच्या समोर वसलेल्या या शहरापासून सागर बेट नदीमार्गाने दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. हावडा घाटावरच्या तरंगत्या जेट्टीच्या पाँटूनला हात लावून पाहिला तर शेवाळ व चिखल हाती लागेल. चुन्याच्या पांढऱ्या नळ्या लागणार नाहीत, कारण येथील पाणी जवळजवळ गोडे आहे. तथापि समुद्र येथे येत नाही असे नाही. दिवसातून दोनदा भरती येते आणि जेट्टीवर जाण्याचा उतरता पूल त्याप्रमाणे कधी तीव्र, कधी सौम्य उताराचा होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला पाण्याची भिंत उसळून नदीतून वर धावते. बंगालीत तिला 'बान' म्हणतात. म्हणजे समुद्राचा धक्का हावड्याला पोहोचतो. त्याचे मीठ वाटेत राहते.

हे मीठ नेमके कोठे राहते याला पुढील विवेचनात सर्वाधिक महत्त्व आहे. हावडा जिल्हा शहरापाशी संपत नाही. तो नदीकाठाने दक्षिणेस उलुबेरिया, श्यामपूर असा जात जात गादियाडापर्यंत पोहोचतो व तेथे रूपनारायण नदी हुगळीस मिळते. त्याच्या खाली डायमंड हार्बर व हल्दिया, आणि मग सागर बेट. समुद्राच्या दर हजार भाग पाण्यात सुमारे ३५ भाग क्षार असतात. हावड्यापाशी एक भागही नसतो. या दोन टोकांच्या मध्ये खारेपणाची एक शिडी आहे आणि ही शिडी स्थिर नाही. पावसाळ्यात ती समुद्राकडे सरकते, उन्हाळ्यात नदीत वर चढते. सागर बेटाजवळ उन्हाळ्यात दर हजारी २५ च्या वर जाणारी लवणता पावसाळ्याच्या ऐन भरात तिच्या निम्म्याखाली येते. एका जागी चिकटून बसलेल्या प्राण्याला या सरकण्याबरोबर सरकता येत नाही. तो बसलेल्या ठिकाणीच वर्षभरात जणू दोन निरनिराळ्या नद्या अनुभवतो.

वसाहतीतील कृमींचे स्थूलमानाने दोन गट पडतात. पहिला घर बांधणाऱ्यांचा. यांतील सर्पुलिड कुळातील कृमी आपल्या शरीरातून चुना स्रवून पांढरी, नागमोडी, दगडासारखी टणक नळी बनवतात व ती आधाराला घट्ट जोडतात. नळीच्या तोंडातून पिसाऱ्यासारखे संस्पर्शक बाहेर काढून पाण्यातील सूक्ष्म अन्नकण टिपणे हा त्यांचा जीवनक्रम. धोका वाटताच पिसारा झटकन आत जातो आणि एका संस्पर्शकापासून बनलेले बूच नळीचे तोंड बंद करते. सॅबेलिड कुळातील त्यांचे भाऊबंद चुन्याऐवजी चिखल व श्लेष्म यांची मऊ नळी करतात.

दुसरा गट भाडेकऱ्यांचा म्हणावा लागेल. नेरीड, सिलिड आणि पाठीवर खवले असलेले पॉलिनॉइड हे कृमी स्वतः पृष्ठभागाला चिकटत नाहीत. मेलेल्या बार्नेकलची रिकामी वाटी, दोन नळ्यांमधील फट, शिनाण्यांच्या धाग्यांत साचलेला गाळ यांत ते राहतात, रांगतात आणि शिकार करतात किंवा कुजके अन्न खातात. पॉलिडोरा नावाचा स्पायोनिड कृमी तर कालवांच्या शिंपीतच बीळ करतो. ही विभागणी केवळ सोयीची नाही. बांधणाऱ्यांचा ऋतू पाण्यावर अवलंबून असतो. भाडेकऱ्यांचा ऋतू पाण्यावर आणि शिवाय घरांवर अवलंबून असतो. म्हणून फळीवर बार्नेकल व नळ्या यांची गर्दी होऊन गेल्यावर, पुष्कळदा त्यांतील काही मेल्यावर, नेरीडांची संख्या वाढताना दिसते. हा मागाहून येणारा उंचवटा पाहून एखाद्याने त्या महिन्यातील तापमानाशी त्याचा संबंध जोडला, तर तो निष्कर्ष बहुधा फसवा ठरेल.

बांधणाऱ्यांपैकी उष्ण प्रदेशातील बंदरांत सर्वत्र आढळणारा कृमी म्हणजे हायड्रॉइडिस एलेगन्स. भारतीय बंदरांविषयीच्या जुन्या लेखांत त्याचे नाव हायड्रॉइडिस नॉर्वेजिका असे आढळते. नॉर्वेच्या थंड पाण्यातील जातीचे नाव मद्रासच्या उकाड्यातील कृमीला लागावे ही गंमतच होय. पुढे दोन्ही जाती वेगळ्या असल्याचे स्पष्ट झाले आणि जुनी कोष्टके वाचताना ही दुरुस्ती मनात ठेवावी लागते. या कृमीत नर-मादी वेगळे असतात. अंडी व शुक्राणू पाण्यात सोडले जातात, तेथेच फलन होते आणि दिवसभरात पोहणारा सूक्ष्म डिंभ तयार होतो. पाणी उबदार असेल तर सुमारे पाच दिवस तरंगत व खात राहून तो बसावयास योग्य होतो. कोठे बसावे हे मात्र तो आंधळेपणाने ठरवीत नाही. स्वच्छ काच त्यास नको असते. जीवाणूंचा पापुद्रा धरलेला पृष्ठभाग हवा असतो. हवाई बेटांवरील पर्ल हार्बर येथील कृमींवर अनेक वर्षे संशोधन झाले आणि २०१४ मध्ये असे दाखवून देण्यात आले की, विशिष्ट जीवाणूने निर्माण केलेल्या, विषाणूंच्या शेपटीसारख्या दिसणाऱ्या अतिसूक्ष्म रचनांच्या स्पर्शाने या डिंभाचे रूपांतर घडते. एकदा बसला की त्याची नळी दिवसाला मिलिमीटरभर, कधी त्याहूनही अधिक वाढते आणि काही आठवड्यांतच तो स्वतः प्रजोत्पादन करू लागतो. इतके आखूड जीवनचक्र असलेल्या प्राण्याला संपूर्ण वर्ष अनुकूल असण्याची गरज नसते. दोन-तीन चांगले महिने मिळाले तरी त्याच्या अनेक पिढ्या होऊन जातात.

चांगला महिना कोणता? युरोपातील व उत्तर अमेरिकेतील ग्रंथ या प्रश्नाचे उत्तर तापमानाने देतात. हिवाळ्यात पाणी गोठण्याइतके थंड होते, डिंभ दिसेनासे होतात. वसंतात पाणी तापले की वसाहत पुन्हा वाढू लागते. वुड्स होल येथील संशोधकांनी सिद्ध केलेला आणि १९५२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला समुद्री फाउलिंगविषयीचा ग्रंथ दीर्घकाळ जगभर प्रमाण मानला गेला. त्यातही ऋतुमानाचा विचार करताना तापमानाकडेच मुख्यतः लक्ष दिलेले आहे. थंड समुद्रांसाठी ते योग्यच आहे. पण भारतीय किनाऱ्यावर हे मोजमाप नेले की घोटाळा होतो. येथील समुद्राचे पाणी वर्षातील कोणत्याही महिन्यात या कृमींना मारण्याइतके थंड होत नाही. येथे बदलतो तो खारेपणा, आणि तो बदलतो पावसाने. हायड्रॉइडिसच्या डिंभांचा दर हजारी १५ ते २० पेक्षा कमी लवणतेत निभाव लागणे अवघड असते. प्रौढ कृमी बूच लावून काही काळ तग धरतो. डिंभाला दार नसते. परिणामी ऋतूचा आघात प्रौढांवर होण्यापूर्वी पुढच्या पिढीवर होतो.

हे ज्या साधनाने समजते ते अगदी साधे आहे. ठरावीक आकाराच्या लाकडी, काचेच्या किंवा धातूच्या फळ्या एका चौकटीत बसवून पाण्यात ठरावीक खोलीवर सोडतात. त्यांचे दोन संच असतात. पहिल्या संचातील फळी दर महिन्यास काढून तिच्या जागी कोरी फळी लावतात. दुसऱ्या संचातील फळ्या एकाच दिवशी पाण्यात सोडून एक महिन्याने, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी अशा क्रमाने काढतात. काढलेल्या फळीवरील जीव ओळखून मोजतात व त्यांचे वजन करतात. एका संचाने प्रश्न सुटत नाही, कारण दोन्ही फळ्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. महिन्याची फळी त्या महिन्यात कोण आले हे सांगते; सहा महिन्यांची फळी आलेल्यांपैकी कोण टिकले हे सांगते. समजा ऑगस्टच्या महिनाफळीवर एकही नळीकृमी नाही, पण मार्चपासून पाण्यात असलेल्या फळीवर ऑगस्टअखेर पुष्कळ नळ्या आहेत. मग त्या नळ्या उघडून पाहाव्या लागतात. आत जिवंत कृमी असतील तर पावसाळ्याने फक्त नवी भरती थांबवली. नळ्या रिकाम्या असतील तर प्रौढही मेले व उरली ती केवळ घरे. नुसते वजन करून समाधान मानणाऱ्यास हा भेद कळत नाही, कारण चुन्याच्या नळीचे वजन तिचा मालक मेला तरी फारसे घटत नाही.

या पद्धतीने भारतातील अनेक बंदरांत काम झाले आहे. मद्रास (आताचे चेन्नई) बंदरातील चिकटजीवांची वाढ व प्रजनन यांवर एम. डी. पॉल यांचा अभ्यास १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. विशाखापट्टणम बंदरावर गणपती, लक्ष्मण राव व नागभूषणम् यांनी १९५८ मध्ये लिहिले. यांपैकी नागभूषणम् यांनी पुढे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील मराठवाडा विद्यापीठात प्राणिशास्त्राचे अध्यापन केले. मुंबईत नौदलाच्या रासायनिक व धातुशास्त्रीय प्रयोगशाळेत करंदे यांनी मुंबई बंदरातील चिकटजीव व लाकूड पोखरणारे जीव यांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. गोव्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील अनिल व वाघ यांनी १९८८ मध्ये झुआरी नदीमुखातील वसाहत कशी उभी राहते याचे वर्णन केले. ही कोष्टके शेजारी शेजारी ठेवली तर देशभर एकच ऋतुचक्र असेल ही अपेक्षा सोडून द्यावी लागते. पश्चिम किनाऱ्यावर पाण्याचा खारेपणा जून ते सप्टेंबर या काळात उतरतो. मद्रासकडे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो, म्हणून तेथील उतार तेव्हा. एकाच जातीचा कृमी एकाच देशात दोन पंचांगे पाळतो. मुंबईत वाढीला लागण्याचे जे महिने, तेच मद्रासेत संकटाचे.

कोकणातील मच्छीमारांना यातील व्यावहारिक बाजू वेगळ्या मार्गाने ठाऊक आहे. पावसाळ्यात होड्या ओढून किनाऱ्यावर घेतल्या जातात आणि शाकारून ठेवल्या जातात. त्यामागील मुख्य कारण खवळलेला दर्या हेच होय. पण त्याबरोबर एक गोष्ट आपोआप साधते. नारळी पौर्णिमेनंतर होडी पुन्हा पाण्यात जाते तेव्हा खाड्यांतील पाणी हळूहळू खारट होऊ लागलेले असते आणि नव्या डिंभांचा हंगाम पुढेच असतो. तळाला तेल-चुना किंवा रंग देण्याचे काम त्याआधी उरकले तर त्याचा पुरेपूर उपयोग होतो. तेच काम उन्हाळ्याच्या अखेरीस केले तर त्यातील बराचसा भाग वाया जातो. मोठ्या जहाजांच्या मालकांना कृमींच्या पंचांगाप्रमाणे वेळापत्रक आखता येत नाही, कारण त्यांची जहाजे पंधरा दिवसांत तीन हवामानांतून जातात. एका बंदरात बांधून राहणाऱ्या बोटी, तराफे, दिशादर्शक पिंपे व नळ यांच्यासाठी मात्र हे ज्ञान सरळ पैशात मोजता येण्यासारखे आहे.

आता पुन्हा हुगळीकडे वळावे. येथे पावसाचे पाणी केवळ आकाशातून पडत नाही. गंगेच्या पात्रातून उत्तर भारताचा मोठा हिस्सा घेऊन ते येते. जुलैपासून नदी फुगते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लवणतेची शिडी समुद्राकडे इतकी ढकलली जाते की हल्दियाजवळचे पाणीही बरेचसे गोडसर होते. नोव्हेंबरनंतर प्रवाह मंदावतो, मीठ परत वर चढू लागते आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याची चढाई सर्वाधिक असते. त्याचबरोबर येथे मुंबईहून वेगळी अशी आणखी एक अडचण आहे, ती गाळाची. हुगळीचे पाणी वर्षभर गढूळ असते. पिसाऱ्याने कण टिपणाऱ्या प्राण्याला अन्नकण आणि मातीचा कण यांत निवड करीत बसावे लागते, आणि नव्याने बसलेला मिलिमीटरभर लांबीचा कृमी गाळाच्या पातळ थराखालीही गाडला जातो. त्यामुळे चुन्याच्या नळ्या बांधणाऱ्यांना हुगळीत समुद्राकडचे टोक व कोरडे महिने हेच त्यातल्या त्यात सोयीचे. नदीत जसजसे वर यावे तसतसा त्यांचा हंगाम आखूड होतो व अखेर संपतो. त्यांच्या जागी चिखलाला व बदलत्या पाण्याला सरावलेले नेरीड व स्पायोनिड कुळांतील कृमी उरतात.

नेरीडांतील काहींनी गोड्या पाण्याच्या उंबरठ्यापर्यंत मजल मारली आहे. नमालिकॅस्टिस इंडिका हा त्यांपैकी एक. गोड्या पाण्यात समुद्रकृमीपुढे दोन संकटे उभी राहतात: बाहेरचे पाणी त्वचेतून आत शिरून शरीर फुगते आणि शरीरातील क्षार बाहेर झिरपतात. जो प्राणी क्षार परत शोषून घेऊ शकतो व जादा पाणी बाहेर टाकू शकतो तोच टिकतो. अशा जातींच्या दृष्टीने पावसाळा हा मृत्यूचा ऋतू नसून पसरण्याचा ऋतू ठरू शकतो, कारण त्यांचे खाऱ्या पाण्यातील शत्रू व स्पर्धक त्या काळात मागे हटतात. 'पावसाळ्यात कृमी कमी होतात' हे विधान म्हणूनच अर्धवट आहे. कोणते कृमी, आणि नदीच्या कोणत्या पायरीवर, हे सांगितल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही.

कोलकाता हे नदीवरील बंदर असल्याचा एक जुना फायदा खलाशांना माहीत होता. समुद्रावरून वसाहत घेऊन आलेले जहाज गोड्या पाण्यात काही दिवस उभे राहिले की तळावरचे बरेच जीव मरतात. १८९२ मध्ये सुरू झालेली खिदिरपूर गोदी व १९२९ मधील, पुढे नेताजी सुभाष यांचे नाव लाभलेली गोदी या दोन्ही दरवाजे लावून पाणी अडविणाऱ्या गोद्या आहेत. आत शिरलेले जहाज सभोवार गोड्या पाण्यातच राहते. शैवले, हायड्रॉइड व मऊ जीव अशा वेळी गळून पडतात. नळीकृमींच्या बाबतीत हा उपाय अर्धाच लागू पडतो. कृमी मरतो, नळी राहते. सिमेंटने बसविल्याप्रमाणे चिकटलेली ती रिकामी नळी तळाचा खरखरीतपणा कायम ठेवते आणि समुद्रात परतल्यावर नव्या डिंभांना पापुद्रा धरलेला तयार पृष्ठभाग पुरविते. ती खरवडूनच काढावी लागते. हुगळीच्या हावडा बाजूस जहाजदुरुस्तीचा व्यवसाय दीर्घकाळ चालत आला आणि १९०२ मध्ये येथेच शालिमार रंगांचा कारखाना निघाला, हे या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

नदीच्या दुसऱ्या तीरावर, कोलकात्याच्या इंडियन म्यूझियममध्ये, या कृमींच्या अभ्यासाचा भारतातील पाया घातला गेला. तेथील नेल्सन ॲनन्डेल यांना खाऱ्या व गोड्या पाण्याच्या सीमेवरील प्राण्यांचे विलक्षण आकर्षण होते. पोर्ट कॅनिंग येथील मचूळ तळ्यांपासून त्यांनी आरंभ केला. १९१४ पासून स्टॅन्ली केम्प यांच्यासह त्यांनी ओरिसातील चिल्का सरोवराची पाहणी हाती घेतली. हे सरोवर वर्षातून काही महिने गोडसर व काही महिने खारट असते, म्हणजे ऋतूचा अभ्यास करण्यास निसर्गानेच मांडून ठेवलेला प्रयोग होता. १९१६ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली व ॲनन्डेल तिचे पहिले संचालक झाले. चिल्का व इतर ठिकाणचे कृमी अभ्यासासाठी आयर्लंडमधील रोलंड सदर्न यांच्याकडे गेले. त्यांचा प्रबंध १९२१ मध्ये म्यूझियमच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. वर उल्लेखिलेला नमालिकॅस्टिस इंडिका प्रथम त्यातच, लायकॅस्टिस या नावाखाली, वर्णिला गेला; आणि त्याच प्रबंधात सदर्न यांनी मचूळ पाण्यातील एका नळीकृमीसाठी फिकोपोमॅटस हा नवा वंश निर्माण केला.

त्या नावाला पुढे अनपेक्षित महत्त्व आले. दोनच वर्षांनी, १९२३ मध्ये, फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर फोवेल यांनी नॉर्मंडीतील काँ येथील कालव्यात सापडलेल्या नळीकृमीचे वर्णन केले. मचूळ पाण्यात प्रवाळखडकांसारखे ढीग रचणारा हा प्राणी तेथे कोठून आला हे कोणास सांगता येईना, म्हणून त्यांनी त्याच्या नावात 'एनिग्मॅटिका', म्हणजे कोडे घालणारी, असा शब्द घातला. जहाजांबरोबर तो जगातील अनेक बंदरांत पोहोचला असून तो मूळचा ऑस्ट्रेलियाकडील असावा असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. १९७८ मध्ये टेन होव्ह व वेर्डेनबर्ग या डच अभ्यासकांनी या गटाची फेरतपासणी केली तेव्हा तो सदर्न यांच्या वंशातच मोडतो असे ठरले. नियमाप्रमाणे आधीचे नाव राहिले आणि फ्रान्समधील ते कोडे कोलकात्यात छापलेल्या नावाखाली दाखल झाले. स्वतः फोवेल यांनीही १९३२ मध्ये इंडियन म्यूझियममधील कृमींवर मोठा प्रबंध लिहिला, आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा भारत व शेजारी देशांतील पॉलिकीटांवरील ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. एनिग्मॅटिकासारख्या जातींचे वैशिष्ट्य असे की लवणतेतील मोठे चढउतार त्यांना सोसतात. ज्या पाण्यात हायड्रॉइडिस हरतो तेथेच त्यांना मोकळे रान मिळते.

हुगळीतील कृमींचे पंचांग शतकानुशतके केवळ पावसाने व भरतीने लिहिले होते. १९७५ मध्ये त्यात तिसरा हात आला. हुगळीत गंगेचे पाणी कोरड्या महिन्यांत फारच कमी येई. पात्रात गाळ साचून कोलकाता बंदराचे अस्तित्व धोक्यात आले होते, आणि समुद्राचे खारे पाणी इतके वर चढे की शहराला पाणी पुरविणाऱ्या पलता येथील केंद्रापर्यंत खारेपणाची तक्रार जाई. यावर उपाय म्हणून मुर्शिदाबाद जिल्ह्यात फरक्का येथे गंगेवर बंधारा बांधण्यात आला व तेथून ३८ किलोमीटर लांबीच्या कालव्याने भागीरथी-हुगळीत पाणी सोडण्याची योजना एप्रिल १९७५ मध्ये कार्यान्वित झाली. कालव्याची क्षमता सेकंदाला ४०,००० घनफूट आहे. बंदरातील गाळाचा प्रश्न त्याने कितपत सुटला यावर अभियंत्यांत मतभेद आहेत. लवणता मात्र निश्चित उतरली. बराकपूर येथे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेच्या कामातून गोड्या पाण्याचा पट्टा खाली सरकल्याचे व त्याबरोबर माशांची वस्तीही बदलल्याचे दिसून आले. माशांचे बदलणे मच्छीमाराच्या जाळ्यात लगेच उमटते, म्हणून त्याची नोंद झाली. खांबांवरच्या कृमींची नोंद तेवढ्या तत्परतेने कोण घेणार? वास्तविक मासा पोहत निघून जातो. चिकटलेला कृमी मात्र जागा सोडू शकत नाही. त्यामुळे एखाद्या पायरीवरील पाण्यात झालेल्या बदलाचा तो अधिक प्रामाणिक साक्षीदार होय.

याच प्रकारचा, पण उलट दिशेचा बदल चिल्कात घडविण्यात आला. समुद्राकडील वाट गाळाने आकसत गेल्याने सरोवर गोडे होत चालले होते, म्हणून सप्टेंबर २००० मध्ये सातपाड्याजवळ नवे मुख खोदून समुद्राचे पाणी आत येऊ दिले गेले. एकीकडे माणसाने मीठ बाहेर ठेवले, दुसरीकडे आत बोलावले. दोन्ही ठिकाणी कोणत्या महिन्यात कोण उगवेल याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो, आणि तो मांडताना सदर्न यांच्या काळातील याद्या तुलनेसाठी हाताशी असणे ही लहान गोष्ट नाही.

फरक्क्याच्या बाबतीत हिशेब आणखी बारीक आहे. भारत व बांगलादेश यांच्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी ३० वर्षांसाठी झालेल्या करारानुसार १ जानेवारी ते ३१ मे या काळातील पाण्याची वाटणी दहा-दहा दिवसांच्या हप्त्यांनी ठरविण्यात आली. त्यांतही ११ मार्च ते १० मे या सर्वाधिक टंचाईच्या दोन महिन्यांत उभय देशांना आळीपाळीने, एकाआड एक हप्त्यात, सेकंदाला ३५,००० घनफूट पाण्याची हमी दिली गेली. म्हणजे नदीत पाणी कमी असेल त्या वर्षी हुगळीकडे येणारा प्रवाह दर दहा दिवसांनी वाढू किंवा घटू शकतो, आणि हे नेमके त्या महिन्यांत, जेव्हा मीठ सर्वांत वर चढलेले असते व नळी बांधणाऱ्या कृमींचा हंगाम भरात असावयास हवा. हायड्रॉइडिसचा डिंभ पाच दिवसांत बसण्यास तयार होतो, हे येथे आठवावे. दहा दिवसांचा एक खारट हप्ता त्याची एक पिढी बसवण्यास पुरेसा आहे आणि त्यामागून येणारा गोडसर हप्ता तिच्यातील नवजातांना मारण्यासही पुरेसा ठरू शकतो. फरक्क्यापासून हावड्यापर्यंतचा मार्ग तीनशे किलोमीटरांहून अधिक आहे. वाटेत भरतीच्या घुसळणीने हे हप्ते बरेच बोथट होतात, तरी गादियाडापासून हल्दियापर्यंतच्या मधल्या पायऱ्यांवर त्यांचा ठसा शोधणे शक्य आहे. त्यासाठी महिन्याने बदलावयाची फळी उपयोगाची नाही, कारण खारट व गोडसर हप्त्यांत बसलेले जीव तिच्यावर एकत्र मोजले जातील. मार्च ते मे या काळात दहा दिवसांनी बदलावयाच्या फळ्यांचा तिसरा संच चौकटीत बसवावा लागेल, आणि प्रत्येक फळीबरोबर त्या दिवसाच्या भरतीच्या व ओहोटीच्या पाण्याची लवणता लिहून ठेवावी लागेल.